‘लाइन बंद कर’ म्हणजे नक्की काय बंद करू?

कानात इअरफोन घालून ऐकायला ज्यांना जमलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी नीट केलीत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एकच शब्द आहे. लाइन. इंग्रजी शब्द आहे हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. पण जालना जिल्ह्यात दिवसभर कुणाच्याही मागे फिरलात, तर हा शब्द किमान सात-आठ वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडेल, आणि बोलणारा एकदाही अडखळणार नाही. मीही कधी अडखळलो नव्हतो. गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत.

बांधावर काय झालं

आमचं गाव अंबड तालुक्यात. थोडी मोसंबी आहे, बाकी कापूस आणि तूर. मी तेव्हा महिनाभर घरून काम करत होतो. त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसा होती, म्हणून सकाळपासून सगळे शेतातच. बागेकडे जाणारा पाइप एका जोडाला फुटला होता, तो दुरुस्त करायचं काम चालू होतं. त्यातच मोटार बंद पडली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शोध घेतला तर खांबापासून विहिरीकडे येणाऱ्या केबलचा बांधावरचा जोड सुटत आला होता. टेप वितळून काळी झालेली.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. शेताच्या कोपऱ्यात विजेचा खांब, त्याच्यावर मेन स्विचची पेटी. त्या खांबापासून दहा पावलांवर पाइपलाइनचा कॉक. माझा चुलतभाऊ त्या कोपऱ्यात उभा. अण्णा आणि मी बांधावर, दीडशे फुटांवर. अण्णांनी फोन लावला.

“अरे, लाइन बंद कर बरं.”

दोन मिनिटांनी त्याचा फोन. “केली काका.”

“नक्की?”

“हाव, बंद केली की.”

अण्णा खाली बसले, टेप सोडवायला हात पुढे केला. आणि मग थांबले. खिशातून टेस्टर काढला आणि जोडाला लावला. टेस्टर पेटला.

भर उन्हात तो बारका लाल ठिपका नीट दिसतही नव्हता. अण्णांनी हाताची सावली धरून पुन्हा बघितलं. पेटलेलाच होता. त्यांनी टेस्टर खिशात ठेवला, उठले, आणि काही न बोलता खांबाकडे चालायला लागले. मी मागे. तिथे गेल्यावर कळलं, भावाने पाइपलाइनचा कॉक अगदी घट्ट बंद करून ठेवला होता. मेन स्विच तसाच वर.

त्याची चूक होती का? सकाळपासून आम्ही सगळे पाइपबद्दल बोलत होतो. “लाइन फुटली”, “लाइन जोडली का”, “लाइन धुऊन घे”. त्याच्या डोक्यात लाइन म्हणजे पाइप. अण्णांच्या डोक्यात लाइन म्हणजे करंट. अण्णांनी ‘नक्की?’ म्हणून विचारलंही होतं, आणि त्याने खरं तेच उत्तर दिलं. दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नाही.

संध्याकाळी घरी कुणी फार बोललं नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द जाईना. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक केलेला. दिवसभर यंत्राला नीट सूचना द्यायचा पगार घेतो. आणि घरातली सर्वात महत्त्वाची सूचना एका शब्दावर अडकली. म्हणून मी या शब्दाच्या मागे लागलो.

जवसाच्या धाग्यातून निघालेला शब्द

सुरुवात कुठून होते ते ऐकलं तर हसाल. जवसाची चटणी खाताय ना? बाजरीच्या भाकरीबरोबर, वर तेलाची धार सोडून? तेच जवस. जवसाच्या झाडाच्या खोडातून धागा निघतो, आणि त्या धाग्याच्या कापडाला इंग्रजीत लिनन म्हणतात. जवसाला लॅटिन भाषेत शब्द होता लिनम. आजही जवसाचं शास्त्रीय नाव त्यावरूनच आहे. त्या धाग्याला, दोरीला लिनिया म्हणायचे. तिथून फिरत फिरत इंग्रजीत आला लाइन.

म्हणजे लाइनचा मूळ अर्थ दोरी. दोरी ताणली की सरळ होते, म्हणून लाइन म्हणजे सरळ रेघ. रेघेवर माणसं उभी केली की रांग. रेघेसारखा जाणारा रस्ता म्हणजे मार्ग, मग रेल्वे लाइन, एअरलाइन. दोरीसारखी लांब तार म्हणजे टेलिग्राफची, फोनची, विजेची लाइन. कोटाच्या आतलं अस्तर पूर्वी लिननचं असायचं, म्हणून शिंपी त्याला लायनिंग म्हणतात. सगळे एकाच धाग्याचे फाटे.

इथे एक फरक लक्षात घ्या. ‘डीपी’ हा शब्द बघा. “डीपी जळाली” म्हटलं की गावातल्या रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा विषय. “डीपी बदलली” म्हटलं की व्हॉट्सॲपवरचा फोटो. हे दोन डीपी एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, दोन वेगळी लघुरूपं योगायोगाने सारखी झालीत. लाइनचं तसं नाही. तिचे सगळे अर्थ एकाच घरातले आहेत, एकातून दुसरा निघालेला. म्हणूनच ते एकमेकांत मिसळतात. दोन अनोळखी माणसांत गोंधळ कमी होतो, भावाभावांत जास्त होतो, तसंच काहीसं.

इंग्रजीत असे शब्द पुष्कळ आहेत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती. जितका शब्द छोटा आणि रोजचा, तितके अर्थ जास्त.

आपल्याकडे सूत होतंच

आणि मंडळी, हा प्रवास फक्त इंग्रजांनीच केला असं समजू नका. आपलं ‘सूत’ घ्या. सूत म्हणजे धागा. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आलाय, सूत धरणारा. तो लाकडावर सूत लावून सरळ खूण करतो. म्हणून सरळ माणसाला आपण ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो. पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली तर “सूत जुळलं”. इंग्रजीत धाग्यापासून रेघ झाली, तशीच मराठीतही झाली. फक्त आपण सूत जुळवतो आणि कॉलेजच्या गेटवर लाइन मारतो, एवढाच फरक.

‘तार’ घ्या. तार म्हणजे धातूची वायर. पण आजी-आजोबांना विचारा, “तार आली” म्हणजे काय? म्हणजे संदेश आला, आणि बहुतेक वेळा वाईट बातमी. तारेतून जे यायचं त्याला तारेचंच नाव मिळालं. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण शब्दाची ती खोड गेली नाही. आता आपण म्हणतो, “लाइन आली.” म्हणजे तारेतून जी वीज येते तिला तारेचं नाव. अगदी तोच हिशोब.

हा अर्थ आपण स्वतः तयार केलेला आहे. इंग्रजी माणसाला “द लाइन हॅज गॉन” म्हटलं तर तो विचारेल, कुठे गेली? वीज गेली असं त्याला कळणार नाही. तो पॉवर म्हणतो. शब्द आपण त्यांचा घेतला, पण अर्थ आपल्या शेतात उगवला.

अजून एक गंमत. इंग्रजीत वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. मराठीत आल्यावर लाइनला लिंग द्यावं लागलं. आपण स्त्रीलिंग दिलं. ती लाइन. का? मला वाटतं, आपल्याकडच्या तिच्या मैत्रिणी बघा: ओळ, रांग, रेघ, तार, वीज. सगळ्या स्त्रीलिंगी. लाइन त्यांच्यातच जाऊन बसली. मग तिचं “लाइनीत उभा राहा”, “लाइनीवर आण”, “दोन लाइना टाकल्या” असं सगळं व्हायला लागलं. गवंडी तर ‘लाइनदोरी’ म्हणतात. म्हणजे धागा-धागा! एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा.

जालन्यात लाइन कुठून कुठून आली

आता आपल्या जिल्ह्याकडे या. लाइन इथे एका दिवसात आलेली नाही. वेगवेगळ्या वाटांनी आली, आणि प्रत्येक वाटेने वेगळा अर्थ आणला.

एक वाट फौजेची. आपल्या जिल्ह्यातलं असई माहीत असेल. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीची ब्रिटिश फौज यांची लढाई झाली. त्या काळचं कवायती पायदळ लाइन करून लढायचं. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि एकदम गोळी झाडायची. वेलस्ली बाजूने नदी उतरून आला, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आख्खी लाइन फिरवून त्याच्याकडे तोंड केलं. त्याला ते अपेक्षित नव्हतं. लढाई तो जिंकला, पण त्याची फार माणसं पडली. पुढे जालन्यात छावणीही होती. छावणीत शिपायांच्या खोल्या ओळीने असायच्या, त्याही लाइन. आज आपण ‘पोलीस लाइन’ म्हणतो तेव्हा पोलिसांची रांग नसते डोक्यात, क्वार्टर असतात. हा अर्थ छावण्यांमधून आलेला.

दुसरी वाट रेल्वेची. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणीकडे जाणारी लाइन निजामाच्या काळातली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली. तेव्हा मीटर गेज होती, १९९० च्या दशकात रुंद झाली. ३० डिसेंबर २०२३ ला त्याच लाइनवर जालना-मुंबई वंदे भारतला हिरवा झेंडा मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या नव्या १७४ किलोमीटरच्या लाइनला मंजुरी दिली. त्यामुळे आज भोकरदनच्या हॉटेलात कुणी विचारलं “लाइन कधी येणार?”, तर उत्तर “चार वाजता” असंही येऊ शकतं आणि “अजून काही वर्षं” असंही.

तिसरी वाट पाण्याची. जालना शहराला जायकवाडीचं पाणी पाइपलाइननेच येतं. शेतात प्रत्येकाची स्वतःची लाइन, वर ठिबकची मेन लाइन, सबमेन आणि लॅटरल. आणि चौथी वाट विजेची. हिच्यामुळेच लाइनमन हा शब्द घरोघरी झाला. महावितरण त्याला जनमित्र म्हणतं, पण गावात तो लाइनमनच आहे. ४ मार्च हा देशात लाइनमन दिवस म्हणून पाळतात.

सरकारी मराठीत या सगळ्यांसाठी चांगले शब्द आहेत. विजेच्या लाइनला वाहिनी. पण गंमत बघा, पाण्याच्या पाइपलाइनला जलवाहिनी, टीव्हीच्या चॅनेललाही वाहिनी, शरीरातल्या नसेला रक्तवाहिनी. म्हणजे शब्द बदलला तरी दुखणं तेच राहिलं. “वाहिनी बंद कर” म्हटलं असतं, तरी माझा भाऊ कॉककडेच गेला असता.

मग एरवी गोंधळ का होत नाही?

हा माझा खरा प्रश्न होता. इतके अर्थ आहेत, तर दिवसातून पन्नास वेळा घोळ व्हायला पाहिजे. होत नाही. का?

मी आठवडाभर एक उद्योग केला. घरात, पारावर, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जिथे लाइन शब्द आला, तिथे ते वाक्य फोनमध्ये टिपून ठेवलं. त्यातली थोडी देतो:

- लाइन गेली. (वीज)
- लाइन फुटली. (पाइप)
- लाइन तुटून पडली. (तार)
- लाइन लागली बँकेपुढं. (रांग)
- लाइन कट झाली, परत लाव. (फोन)
- कोणत्या लाइनला आहे पोरगा? मेडिकल लाइनला. (शिक्षण, धंदा)
- आता आला लाइनीवर. (सुधारला)
- लाइन मारायलाय नुसता. (सांगायला नको)
- बॉलर लाइन सोडून टाकायलाय. (क्रिकेट)

या यादीकडे नीट बघा. अर्थ ‘लाइन’मध्ये नाहीच आहे. अर्थ शेजारच्या शब्दात आहे. वीज जाते, पाइप फुटतो, तार तुटते, फोन कट होतो. वीज कधी फुटत नाही आणि पाइप कधी कट होत नाही. क्रियापद ऐकलं की मेंदू उरलेले अर्थ आपोआप गाळून टाकतो. म्हणून गोंधळ होत नाही.

जे. आर. फर्थ नावाचे एक ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांनी लाहोरला शिकवलं होतं. त्यांनी १९५७ मध्ये हेच मांडलं, की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. आपल्याकडे माणसाबद्दल म्हणतात तेच. आणि आज आपण फोनवर जे एआयशी बोलतो, ते साधारण याच कल्पनेवर उभं आहे. मशीनला शब्दाचा अर्थ कुणी शिकवत नाही. करोडो वाक्यांत तो शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते मशीन मोजतं. २०१७ मध्ये यासाठी जी रचना आली, तिचं नाव ट्रान्सफॉर्मर. हो, तेच नाव. गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला तर लाइन जाते, आणि एआयमधला ट्रान्सफॉर्मर लाइन म्हणजे काय हे शेजारचे शब्द बघून ठरवतो. आता याला काय म्हणायचं!

मी माझी यादी एका भाषांतर ॲपलाही दिली. “मेडिकल लाइन” त्याला जमलं. पण “लाइन गेली, मोटार बंद पडली” याचं त्याने रांग निघून गेली असं काहीतरी केलं. त्याला मी दोष देत नाही. आमच्याकडची वाक्यं त्याने वाचलेलीच नसणार. शहरातल्या मराठीत लाईट जाते, आमच्याकडे लाइनही जाते. आपण आपल्यासारखं लिहिलं नाही, तर मशीन आपल्यासारखं शिकणार कुठून? हाही एक कारण आहे आम्ही एपिसोड लिहून ठेवतो त्याचं.

घोळ नेमका इथे आहे

आता परत बांधावर चला. अण्णा काय म्हणाले होते? “लाइन बंद कर.”

बंद. हे क्रियापद सगळ्यांना चालतं. वीज बंद होते, पाणी बंद होतं, फोन बंद होतो, रेल्वेही बंद होते. ‘चालू’चंही तसंच. ‘आली’चंही बऱ्यापैकी तसंच. म्हणजे शेजारचा शब्द मदत करत असतो तोपर्यंत ठीक. पण चालू, बंद आणि आली हे तीन शब्द असे आहेत की शेजारी असूनही काहीच सांगत नाहीत. मग ऐकणारा त्याच्या डोक्यात आधीपासून जे चाललंय, त्यावरून अर्थ लावतो. सकाळपासून पाइप चालला असेल तर पाइप.

आणि दुर्दैव असं, की धोक्याच्या जागी आपण नेमके हेच शब्द वापरतो. गप्पा मारताना लाइन फुटते, तुटते, जाते. जीव ज्याच्यावर अवलंबून असतो ते वाक्य मात्र नेहमी चालू किंवा बंद असतं.

हे फक्त आपल्या बांधावर होतं असं नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवर एकाच वेळी दोन जण बोलल्याने आवाज कापला गेला, कारणं बरीच होती. त्यातलं एक कारण शब्द. एका वैमानिकाने आम्ही टेकऑफला आहोत अशा अर्थाचं वाक्य बोललं. तो धावायला लागला होता. टॉवरला वाटलं, तो टेकऑफच्या जागी तयार उभा आहे. त्यानंतर नियम कडक झाले. आता टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. बाकी वेळी दुसरा शब्द. आणि मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची.

आपले लाइनमनही हेच करतात. कामासाठी खांबावर चढण्याआधी ते उपकेंद्राकडून परमिट घेतात. कोणता फीडर, कधीपासून बंद, कुणाच्या नावावर, सगळं नोंदवलेलं. काम संपलं की परमिट परत, मगच पुरवठा चालू. “लाइन बंद आहे का रे?” “आहे.” एवढ्यावर चढायचं नसतं. जिथे जिथे एवढ्यावर काम चालतं, तिथे धोका उभाच असतो.

माझ्या कामात डेडलाइन हा शब्द रोजचा आहे. तो कुठून आला माहीत आहे? अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिल इथल्या कैद्यांच्या छावणीत आखलेली एक हद्द होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. ती डेडलाइन. आज आपण शुक्रवारी रिपोर्ट द्यायचा राहिला तर म्हणतो डेडलाइन गेली, आणि सोमवारी देतो. ऑफिसातल्या शब्दाचा मरणाचा अर्थ पुसला गेलाय. शेतातल्या लाइनचा पुसला गेलेला नाही.

आमच्या घरात आता काय म्हणतात

आम्ही फार मोठं काही केलं नाही. चार गोष्टी ठरवल्या. तुमच्या घरी शेती असेल, मोटार असेल, तर आजच ठरवून टाका.

एक, विजेला कामाच्या वेळी लाइन म्हणायचं नाही. करंट म्हणायचं. आणि ‘बंद कर’ऐवजी ‘मेन स्विच पाड’. मेन स्विच एकच असतो, त्याला दुसरा अर्थ नाही. पाण्याला ‘कॉक बंद कर’. फोनला फोन.

दोन, ऐकणाऱ्याने नुसतं “केलं” म्हणायचं नाही. काय केलं ते म्हणायचं. “मेन स्विच पाडला, खांबाजवळ उभा आहे.” त्या दिवशी भावाने “कॉक बंद केला काका” एवढं म्हटलं असतं, तरी अण्णांच्या लगेच लक्षात आलं असतं.

तीन, स्विच पाडणाऱ्याने काम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. दुसरा कुणी येऊन चांगुलपणाने तो वर करू शकतो.

चार, तरीही टेस्टर. आणि टेस्टर आधी चालू जागेवर पेटतो का ते बघून घ्यायचं, कारण बिघडलेला टेस्टरही ‘बंद’च दाखवतो. खरं तर केबलचा जोड वायरमनकडूनच करून घ्यावा. आम्हीही आता तेच करतो. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जायचंच नाही, १९१२ वर फोन करायचा. जीवाचं काही असेल तर ११२.

पहिले काही दिवस सगळ्यांना हसू यायचं. “करंट आली का गं?” असं आई स्वयंपाकघरातून विचारायची आणि स्वतःच हसायची. घरात बसल्यावर आम्ही अजूनही म्हणतो, “लाइन गेली वाटतं.” तो शब्द काढून टाकायचा नाहीये मला. इतका प्रवास करून, जवसाच्या धाग्यापासून आमच्या बांधापर्यंत आलेला शब्द आहे तो. फक्त तारेला हात लावायच्या वेळी त्याला घरी ठेवायचं.

अण्णांना मी नंतर एकदा विचारलं, “भाऊ नक्की म्हणाला होता, तरी तुम्ही टेस्टर का काढला?”

ते म्हणाले, “त्यो म्हणाला खरं. पण हात माझा होता ना.”

तर मंडळी, हा होता आजचा एपिसोड. तुमच्या गावात, कंपनीत, हॉस्टेलवर असा कोणता शब्द आहे ज्याने कधी घोळ घातला? सेटिंग, लोड, पॉइंट, काहीही चालेल. व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव सांगा, चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हा एपिसोड घरी जो मोटार चालू-बंद करतो, त्याला नक्की पाठवा.

भेटू पुढच्या रविवारी. लाइन असली तर.